एली मेचनिकॉफ : शरीरातल्या पहारेकऱ्यांचा शोध लावणारा शास्त्रज्ञ



'रोगप्रतिकारशक्ती' हा घटक शिकवताना पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, एवढं सांगून आपण पुढे जातो. पण हे सैनिक शोधले कुणी? आज त्या शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ.

एली मेचनिकॉफ यांचा जन्म 1845 साली आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता. लहानपणापासून झाडं, किडे, प्राणी यांचं त्यांना वेड होतं. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला. पुढे ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले.

त्यांचं खासगी आयुष्य मात्र खडतर होतं. पहिली पत्नी ल्युडमिला हिला क्षयरोग होता. लग्नाच्या वेळी तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. 1873 मध्ये ती वारली. त्या दुःखात मेचनिकॉफ यांनी अफू घेऊन जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, पण सुदैवाने ते वाचले. (लहान मुलांना गोष्ट सांगताना हा भाग वगळावा.) 1875 मध्ये त्यांनी ऑल्गा हिच्याशी दुसरा विवाह केला. पुढे विद्यापीठातल्या राजकीय वातावरणाला कंटाळून त्यांनी 1882 मध्ये नोकरी सोडली आणि सगळ्यांना घेऊन ते इटलीतील मेसिना या समुद्रकाठच्या गावी गेले.

तिथेच तो प्रसिद्ध प्रयोग घडला. घरातली मंडळी सर्कस बघायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाच्या अळ्या बघत होते. या अळ्या पाण्यासारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे आत फिरणाऱ्या पेशी सरळ दिसतात. त्यांच्या मनात आलं, की या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील? त्यांनी बागेतले गुलाबाचे बारीक काटे आणून अळ्यांना टोचले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी बघतात तर काय, काट्याभोवती पेशींनी गराडा घातला होता! आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू होतो ना, अगदी तसंच. पुढे त्यांनी पाणपिसवांमध्येही पेशी बुरशीचे कण गिळताना पाहिल्या. या पेशींना 'फॅगोसाइट' म्हणजेच भक्षक पेशी हे नाव मिळालं.

पण हे सहजासहजी कुणी मानलं नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असं तेव्हा अनेक तज्ज्ञांना वाटायचं. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की रक्षण पेशी करत नाहीत, रक्तातले द्रव घटक करतात. हा वाद अनेक वर्षं चालला. 1888 मध्ये लुई पाश्चर यांनी मेचनिकॉफ यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. शेवटपर्यंत ते तिथेच राबले. अखेर दिसून आलं, की दोन्ही बाजू बरोबर आहेत. रक्तातली प्रतिपिंडे जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशींना ते गिळणं सोपं जातं. 1908 चं नोबेल मेचनिकॉफ आणि विरुद्ध मताचे पॉल एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आलं!

मेचनिकॉफ 1916 मध्ये गेले. त्यानंतर कळलं, की यातल्या काही पेशी जंतूला नुसत्या गिळत नाहीत. त्याचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि टी पेशींना दाखवतात. चोराचा फोटो पोलीस चौकीत लावावा ना, तसं! यांना प्रतिजन सादर करणाऱ्या पेशी म्हणतात. 1973 मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी यातल्या सर्वांत तरबेज, फांद्यांसारख्या आकाराच्या डेंड्रायटिक पेशींची ओळख करून दिली. लस टोचल्यावर जंतूची ओळख पटवण्याचं काम याच पेशी करतात. 2010 मध्ये अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगावर एका उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच अशा पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची ओळख करून देऊन पुन्हा शरीरात सोडतात.

आपल्याशीही त्यांचं नातं आहे बरं का! मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

वर्गात हा पाठ नाट्यीकरणातून घ्या. एक मूल जंतू, एक भक्षक पेशी, एक टी पेशी. भक्षक पेशीने जंतूच्या टोपीचा रंग टी पेशीला दाखवायचा आणि टी पेशीने त्याच रंगाची टोपी शोधायची. खेळता खेळता मुलांना लस का टोचतात हेही समजेल.