अ‍ॅमी जॉन्सन : क्रॉयडन ते डार्विन

दोन गांवांमधील अंतर घ्यावें, त्यास वाहनाच्या वेगानें भागावें, म्हणजे प्रवासास लागणारा वेळ निघतो, असें आम्ही सर्वजण अंकगणितांत शिकलों. हें गणित खोटें नव्हे. परंतु तें किती अपुरें आहे हें ज्यांच्या चरित्रावरून कळतें, त्या अ‍ॅमी जॉन्सन ह्या विख्यात वैमानिक बाईंची ओळख आम्ही आमच्या बालवाचकांस करून देत आहों.

बाईंचा जन्म १९०३ सालीं इंग्लंडांतील हल ह्या बंदरीं झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बाईंनीं लंडनला एका वकिलाच्या कचेरींत नोकरी धरिली, आणि फावल्या वेळीं त्या विमान चालविण्यास शिकल्या. पण केवळ उडतां आलें एवढ्यावर त्यांचें समाधान झालें नाहीं. कारागिरांच्या बरोबरीनें राबून त्यांनीं विमानदुरुस्तीचा परवानाही मिळविला. असा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्याच ब्रिटिश स्त्री होत.

पुढें वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड ह्यांच्या साह्यानें त्यांनीं एक वापरलेलें जिप्सी मॉथ विमान विकत घेतलें व त्याचें नांव 'जेसन' ठेविलें. ५ मे १९३० रोजीं लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून त्या एकट्याच ऑस्ट्रेलियांतील डार्विनकडे निघाल्या. अंतर सुमारें ११,००० मैल. वेग ताशीं ८० मैल धरिला, तर उड्डाणाचे सुमारें १३८ तास होतात. म्हणजे पुरे सहा दिवसही नाहींत! परंतु त्या चिमुकल्या विमानास पेट्रोलसाठीं ठिकठिकाणीं उतरणें भाग होतें, आणि वादळवारा कोणाचा हिशेब पाळीत नाहीं.

बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळानें त्यांस वाळवंटांतच उतरावयास लाविलें. तरीही सहा दिवसांत त्यांनीं कराची गांठली. १९२८ सालीं बर्ट हिंकलर ह्यांनीं ऑस्ट्रेलियाचा हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीस बाई त्यांच्या दोन दिवस पुढें होत्या. पण झांशीस पेट्रोल सरत आल्यामुळें लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरतांना विमानाच्या पंखास इजा झाली. रंगूनजवळ इनसीन येथें तर विमान चरांत गेलें व दुरुस्तींत मोलाचे दिवस खर्ची पडले. उच्चांक हातचा गेला. आतां परत फिरल्या असत्या तर त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं; पण त्या पुढेंच गेल्या. २४ मे रोजीं, १९ दिवसांनीं, त्या डार्विनला उतरल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीनें उडत जाणारी पहिली स्त्री म्हणून जगानें त्यांस गौरविलें.

दुसऱ्या महायुद्धांत त्या विमानें एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोंचविण्याचें काम करीत. ५ जानेवारी १९४१ रोजीं ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टनला त्या निघाल्या. वाट एक-दीड तासाची. पण हवा फार वाईट होती. तीन तासांहून अधिक काळानंतर टेम्सच्या मुखाशीं त्यांचें विमान पाण्यांत पडलें. त्यांस वाचविण्यासाठीं थंडगार पाण्यांत उडी घेणारे नौदलाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर हेही प्राणांस मुकले. बाईंचा देह मिळाला नाहीं.

२०१८ पासून लंडनहून ऑस्ट्रेलियांतील पर्थला विमान वाटेंत न थांबतां सुमारें १७ तासांत जाऊं लागलें. 'जेसन' मात्र लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत टांगलेलें आहे. ज्यांनीं ११,००० मैल पार केले, त्यांस शेवटीं एक तासाची वाट पुरी करतां आली नाहीं, हें आठवून आमचें मन हळहळतें. विद्यार्थ्यांनो, गणित अवश्य करा. पण उत्तर चुकलें म्हणून वाट सोडूं नका, एवढेंच आमचें सांगणें आहे.