घाटवाटांचा सायकलस्वार : पॉल द विवी

फ्रान्समधील सेंत-एतिएन शहरालगत ग्रां ब्वा हा ११६१ मीटर उंचीचा घाट आहे. पॉल द विवी (१८५३-१९३०) यांचे नाव या घाटाशी कायमचे जोडले गेले. रेशमाच्या व्यापारातून बाहेर पडून त्यांनी १८८७ मध्ये सायकलींच्या व्यवसायात पाऊल टाकले आणि त्याच वर्षी सायकलविषयक नियतकालिकही काढले. त्यातील लेखन ते ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने करीत.

अंधार असतानाच निघायचे, घाट ओलांडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचे आणि रात्र झाली तरी पायडल मारीत राहायचे, असा त्यांच्या भटकंतीचा दिवस असे. आहार शाकाहारी. एकाच गिअरच्या सायकलवर असे चढ सामान्य माणसाला झेपणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बदलत्या गिअरचा ध्यास घेतला. ‘टूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज यांच्या लेखी मात्र ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय! त्यांच्या शर्यतीत सर्वच स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडले.

ते पाहण्यास विवी हयात नव्हते. असंख्य घाट सुखरूप उतरलेल्या या प्रवाशाचा फेब्रुवारी १९३० मध्ये सेंत-एतिएनच्याच रस्त्यावर ट्रॅमच्या धडकेने अंत झाला.