सम्राट् तेम्मू आणि जपानचें सिंहासन

जपानचें राजघराणें सूर्यदेवतेपासून उतरलें व इ. स. पूर्वीं ६६० सालीं पहिला सम्राट् जिम्मू गादीवर बसला, असें तेथील मुलांस १९४५ पर्यंत इतिहास म्हणून शिकविलें जाई. जिम्मूविषयीं समकालीन पुरावा मुळींच नाहीं. वकिलीच्या भाषेंत बोलावयाचें तर हा दस्तऐवज मागाहून केलेला आहे. तो करविणारा पुरुष मात्र पुरता ऐतिहासिक आहे.

राजपुत्र ओआमा हा सम्राट् तेंजीचा भाऊ. ६७१ सालीं आजारी तेंजीनें त्यास गादी देऊं केली. पण ती आपला पुत्र ओतोमो यास मिळावी, हें त्याचें मनोगत होतें. पेंच ओळखून ओआमा भिक्षु झाला व योशिनोच्या डोंगरांत जाऊन राहिला. वैराग्य वर्षभरही टिकलें नाहीं. ६७२ च्या उन्हाळ्यांत मूठभर लोकांनिशीं तो निघाला, फुवाची खिंड त्यानें अडविली, आणि महिन्याभरांत सेताच्या पुलाशीं पुतण्याच्या फौजेचा मोड झाला. ओतोमोनें आत्महत्या केली. चुलत्यापुतण्याचें हें प्रकरण मराठी वाचकांस फोडून सांगावयास नको.

हाच सम्राट् तेम्मू. ६७३ सालीं आसुका येथें गादीवर बसल्यावर त्यानें प्रधान नेमलेच नाहींत. राणी व राजपुत्र यांच्या साह्यानें कारभार स्वतः पाहिला. ६७५ सालीं सरदारांचीं खासगी कुळें सरकारजमा केलीं. ६८४ सालीं घराण्यांच्या पदव्यांची आठ पायऱ्यांची नवी उतरंड लावली. पूर्वींचा राजा ‘ओकिमी’, म्हणजे सरदारांतील थोरला. ‘तेन्नो’ ही स्वर्गीय पदवी याच्याच कारकीर्दींत रूढ झाली, असें अनेक इतिहासकार मानतात. ती लिहिलेली त्या काळची लांकडी पट्टी आसुकांत १९९८ सालीं सांपडली.

६८१ सालीं त्यानें दोन हुकूम सोडले : कायदेसंहिता रचण्याचा, आणि जुन्या वंशावळी व कथा तपासून एक इतिहास पक्का करण्याचा. तो ६८६ सालीं वारला. संहिता राणी जितो हिनें ६८९ सालीं अंमलांत आणली. ‘कोजिकी’ ७१२ सालीं व ‘निहोन शोकी’ ७२० सालीं पुरी झाली. दुसरीचा मुख्य संपादक तोनेरी हा तेम्मूचाच मुलगा. तींत ओतोमोची गणना सम्राटांत नाहीं. ती मेजी सरकारनें १८७० सालीं केली!

१८८९ च्या राज्यघटनेनें या अखंड वंशास कायद्याचें बळ दिलें. हे ग्रंथ दरबारी रचना आहेत असें लिहिणाऱ्या त्सुदा सोकिची या पंडिताचीं पुस्तकें १९४० सालीं बंद झालीं व १९४२ सालीं न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें. राष्ट्राभिमान आम्हांसही आहे. पण ज्यास इतिहासकाराची भीति वाटते, तो अभिमान आम्हांस कच्चा दिसतो. १९४७ च्या घटनेनें सम्राटपद वंशपरंपरागतच ठेविलें, परंतु त्याचा आधार लोकेच्छा हा ठरविला. त्सुदानें तर १९४६ सालींच लेख लिहून राजसंस्था राखावी, असा पक्ष मांडला होता.