रुडॉल्फ फिरखो

बोट कापलें असतां रक्त वाहूं लागतें आणि थोड्याच वेळांत थिजून आपोआप थांबतें, हा अनुभव आमच्या प्रत्येक वाचकास असेल. परंतु हीच थिजण्याची शक्ति अस्थानीं प्रकट झाली तर प्राण घेते. हें कोडें बऱ्याच अंशीं उलगडणाऱ्या एका जर्मन पंडिताचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजीं पोमेरेनिया प्रांतांतील शिफेलबाइन या लहान गांवीं झाला. बर्लिन येथील लष्करी वैद्यकशाळेंत शिकून ते १८४३ सालीं डॉक्टर झाले. शिरेचा दाह हाच बहुतेक रोगांचें मूळ होय, असें पॅरिसचे थोर पंडित क्रुव्हेल्ये यांचें मत त्या काळीं मान्यता पावलें होतें. पंचविशीच्या या तरुणानें मात्र तें निमूटपणें स्वीकारिलें नाहीं. शॅरिटे रुग्णालयांतील शवें तपासून व कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनीं दाखवून दिलें, कीं पायाच्या शिरेंतील गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत जाते आणि फुप्फुसाच्या रोहिणींत अडकते.

१८४८ सालीं सरकारनें त्यांस सायलेशियांतील तापाची सांथ पाहण्यास धाडिलें. दारिद्र्य व अज्ञान हींच सांथीचीं कारणें असें त्यांनीं निर्भयपणें कळविलें. त्याच वर्षीं ते लोकपक्षाच्या चळवळींतही सामील झाले. परिणामीं पुढील वर्षीं बर्लिन सोडून त्यांस व्युर्त्सबुर्ग येथें जावें लागलें. १८५६ सालीं बर्लिननें त्यांस सन्मानानें परत बोलाविलें.

रोहिणीच्या आंतील अस्तरांत मेद सांचतो व तें जाड होतें, याचाही त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला. पुढें १९१३ सालीं रशियांतील आनिच्कोव्ह यांनीं सशांना कोलेस्टेरॉल चारून तशाच रोहिणी निर्माण केल्या. असा मेदाचा थर फुटला कीं त्यावर गुठळी धरते, हें आतां ठाऊक झालें आहे. गुठळी विरघळविण्याची योजनाही निसर्गानें शरीरांत केली आहे. परंतु रक्तांत मेद फार वाढला असतां त्या योजनेस आवर घालणारें द्रव्यही पुष्कळदां वाढलेलें आढळतें. म्हणजे मेद गुठळीस जागा देतो आणि तिची मोडणीही मंदावतो.

फिरखो प्रमादरहित नव्हते. सूतिकाज्वराविषयीं झेमेलव्हाइस यांनीं सांगितलेलें सत्य त्यांनीं दीर्घकाल मानिलें नाहीं. तरुणपणीं थोरांचें मत तपासून घेणाऱ्यासही उतारवयांत स्वतःचें मत तपासणें जड जातें, हा बोध त्यांत आहे.

१९०२ च्या आरंभीं ट्रॅममधून उतरतांना पडून त्यांची मांडी मोडली व त्याच वर्षीं ५ सप्टेंबर रोजीं ते निवर्तले. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं त्यांची चौकस बुद्धि घ्यावी, आणि पालकांनीं ताटांतील तुपातेलाकडे किंचित् लक्ष द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.