जॉन स्कॉट हाल्डेन

जॉन स्कॉट हाल्डेन (जन्म : मे १८६०, एडिंबरो, स्कॉटलंड, मृत्यू : मार्च १९३६, ऑक्सफर्ड, इंग्लंड) हे स्कॉटिश शरीरक्रियावैज्ञानिक होते. श्वसनाचे नियमन, खाणींतील विषारी वायू आणि हवेच्या दाबातील बदलांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. खोल पाण्यातून वर येताना पाणबुड्याने ठरावीक टप्प्यांवर थांबत यावे, ही पद्धत त्यांनी प्रयोगांच्या आधारे सिद्ध केली. दाब किती उतरला यापेक्षा तो किती पटीने उतरला याला महत्त्व आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पर्वतांवरील सरोवरांत स्कूबा पद्धतीने, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून, बुडी मारणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे आजचे नियम याच विचारातून विकसित झाले.

कुटुंब आणि शिक्षण

हाल्डेन यांचा जन्म एका प्रतिष्ठित स्कॉटिश कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट हाल्डेन व आई मेरी एलिझाबेथ बर्डन-सँडरसन. मोठे भाऊ रिचर्ड बर्डन हाल्डेन हे पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री व लॉर्ड चॅन्सेलर झाले, तर बहीण एलिझाबेथ लेखिका म्हणून ओळखली गेली. एडिंबरो अकादमीतील शालेय शिक्षणानंतर हाल्डेन यांनी एडिंबरो विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. काही काळ ते जर्मनीतील येना येथेही शिकले.

डंडी येथे असताना त्यांनी गरीब वस्त्यांतील घरे व शाळा यांमधील हवेची तपासणी केली. अशी हवा प्रयोगशाळेत तयार करण्यापेक्षा माणसे जिथे ती श्वासावाटे घेतात तिथे जाऊन तपासावी, ही त्यांची रीत येथूनच सुरू झाली. १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला आले. तेथे त्यांचे मामा जॉन बर्डन-सँडरसन शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. १८९१ मध्ये त्यांचा विवाह लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी झाला. आनुवंशिकीविद जे.बी.एस. हाल्डेन आणि लेखिका नेओमी मिचिसन ही त्यांची मुले. जे.बी.एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

खाणीतील हवा

कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की कामगार स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून मरतात, असा सर्वसाधारण समज होता. १८९६ मध्ये हाल्डेन यांनी वेल्समधील टायलर्सटाउन येथील स्फोटात दगावलेल्या कामगारांची तपासणी केली. बहुतेकांचा मृत्यू स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे झाला असल्याचे त्यांना आढळले. हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनशी घट्ट जोडला जातो आणि त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेण्याची रक्ताची क्षमता घटते. या वायूचा परिणाम कसा वाढत जातो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतः श्वासावाटे घेतला आणि रक्तातील अर्ध्याहून अधिक हीमोग्लोबिन व्यापले जाईपर्यंत नोंदी केल्या.

लहान प्राण्यांवर या वायूचा परिणाम माणसाआधी दिसतो. म्हणून बचावपथकांनी उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावेत, अशी सूचना त्यांनी केली. ब्रिटनमधील खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. १८९७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

श्वसनाचे नियमन

१९०५ मध्ये हाल्डेन आणि जॉन गिलिस प्रीस्टली यांनी श्वसनाच्या नियमनावरील महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. विश्रांतीच्या अवस्थेत श्वासाची गती व खोली प्रामुख्याने फुप्फुसांच्या वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी दाखवले. या वायूच्या प्रमाणात किंचित वाढ झाली तरी श्वसन लक्षणीय वाढते. पाणबुड्यांच्या शिरस्त्राणात हा वायू साचला की त्यांना धाप लागते आणि काम सोडावे लागते, याचे कारण यातून स्पष्ट झाले.

पाणबुड्यांची सुरक्षितता

दाबाखालची हवा श्वासावाटे घेतली की तिच्यातील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत विरघळतो. दाब एकदम उतरल्यास त्याचे बुडबुडे बनतात. त्यामुळे सांधेदुखी, पक्षाघात व प्रसंगी मृत्यू ओढवतो. हे बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते. संथ व एकसारख्या गतीने वर येणे हा त्यावर सुचवलेला उपाय होता. परंतु किती संथ याला निश्चित आधार नव्हता आणि अपघात थांबत नव्हते.

ब्रिटिश नौदलाने १९०५ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील पोलादी दाबकक्षात हाल्डेन, आर्थर बॉयकॉट व नौदल अधिकारी गायबन डेमंट यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. शेळीचा आकार बऱ्यापैकी मोठा असल्याने तिच्यावरून माणसाबद्दल अनुमान काढणे शक्य होते. शिवाय सांधा दुखू लागला की शेळी तो पाय उचलून धरते, त्यामुळे आजाराची सुरुवात ओळखता येई.

यातील एका तुलनेने प्रश्नाचा उलगडा झाला. काही शेळ्यांना ६ वातावरण दाबावरून २.६ वर आणले. त्यांना त्रास झाला नाही. इतरांना ४.४ वरून १ वर आणले. त्यांपैकी बहुतेक आजारी पडल्या आणि काही दगावल्या. दोन्ही वेळी दाब ३.४ वातावरणांनीच उतरला होता. फरक गुणोत्तरात होता : पहिल्या वेळी दाब अडीच पटींहूनही कमी उतरला, तर दुसऱ्या वेळी चार पटींहून अधिक. यावरून हाल्डेन यांनी असा निष्कर्ष काढला की दाब निम्म्यावर येईपर्यंत माणसाला वेगाने वर आणण्यास हरकत नाही. मात्र त्यापुढे टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत वा सोडत नाहीत. म्हणून त्यांनी ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटांचे अर्धकाल असलेले पाच काल्पनिक ऊतकगट मानून तक्ते तयार केले.

१९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एच.एम.एस. स्पँकर या जहाजावरून या तक्त्यांची चाचणी झाली. डेमंट व कॅटो हे २१० फूट (सुमारे ६४ मीटर) खोलीपर्यंत जाऊन सुखरूप परतले. संपूर्ण संशोधन १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, आयर्लंडजवळ बुडालेल्या लॉरेंटिक जहाजावर सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. डेमंट यांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत त्यांपैकी ३,१८६ विटा एकाही पाणबुड्याचा जीव न जाता वर काढण्यात आल्या.

पाइक्स पीक मोहीम

दाब वाढल्यावर काय होते याचा अभ्यास केल्यानंतर हाल्डेन कमी दाबाकडे वळले. १९११ मध्ये गॉर्डन डग्लस, येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन आणि कोलोरॅडोतील एडवर्ड श्नायडर यांच्यासह ते अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर गेले. शिखराची उंची सुमारे ४,३०० मीटर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. शिखरापर्यंत रेल्वे असल्याने उपकरणे नेणे सोयीचे होते. पथकाने तेथे सुमारे पाच आठवडे मुक्काम केला. याच मोहिमेतील मेबल फिट्झजेराल्ड यांनी कोलोरॅडोतील निरनिराळ्या उंचीवरच्या खाणवस्त्यांत फिरून रहिवाशांच्या श्वसनाची व रक्ताची मोजमापे घेतली.

उंचीवर आल्यावर पहिले काही दिवस डोकेदुखी, मळमळ व धाप यांचा त्रास होतो. नंतर श्वसन वाढते, हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि शरीर हळूहळू रुळते, याच्या पद्धतशीर नोंदी येथे झाल्या. मात्र फुप्फुसे ऑक्सिजन सक्रियपणे रक्तात ढकलतात, असा एक निष्कर्षही हाल्डेन यांनी काढला. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये काचेच्या कक्षात स्वतःवर केलेल्या प्रयोगातून आणि १९२१-२२ मध्ये पेरूतील सेर्रो दे पास्को येथील मोहिमेतून तो चुकीचा ठरवला. ऑक्सिजन केवळ विसरणाने रक्तात जातो, हे मत सर्वमान्य झाले. हाल्डेन यांनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही.

उंचीवरील बुडी आणि हाल्डेन यांचा नियम

हाल्डेन यांचे तक्ते समुद्रासाठी होते. पर्वतीय सरोवरांसाठी त्यांनी तक्ते तयार केले नव्हते. तथापि त्यांचा गुणोत्तराचा विचार तेथे अधिकच महत्त्वाचा ठरतो. समुद्रात पृष्ठभागावरील दाब १ वातावरण असतो व सुमारे १० मीटर खोलीवर तो दुप्पट होतो. ३,००० मीटर उंचीवरील सरोवरात पृष्ठभागावरील दाब सुमारे ०.७ वातावरण असतो. तेथे दाब दुप्पट होण्यास सुमारे ७ मीटर खोली पुरते. म्हणजेच तेवढ्याच खोलीवरून वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरावरील दाब समुद्रापेक्षा अधिक पटीने उतरतो आणि बुडबुडे बनण्याचा धोका वाढतो. समुद्रासाठीचा तक्ता तेथे जसाच्या तसा वापरणे त्यामुळे धोक्याचे असते.

यावरील प्रचलित उपाय म्हणजे प्रत्यक्ष खोलीऐवजी समतुल्य खोली धरणे. वरील सरोवरात १८ मीटरची बुडी तक्त्यात सुमारे २६ मीटरची मानली जाते. थांब्यांची खोली त्याच प्रमाणात कमी केली जाते : समुद्रातील ३ मीटरचा थांबा तेथे सुमारे २ मीटरवर येतो. वर येण्याचा वेगही कमी ठेवावा लागतो. सखल भागातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या शरीरात त्या उंचीच्या मानाने जास्त नायट्रोजन असतो. म्हणून एकतर काही तास थांबून मग पाण्यात उतरावे लागते, किंवा हा जादा नायट्रोजन हिशेबात धरावा लागतो. समुद्रसपाटीसाठी जुळवलेला दाबमापक अशा ठिकाणी खोली कमी दाखवू शकतो, हाही एक धोका आहे. बुडीनंतर लगेच उंच घाट ओलांडणे किंवा विमानप्रवास करणे म्हणजे दाब आणखी उतरवणे होय. त्यामुळे तेही टाळावे लागते. बुडी प्रशिक्षणात साधारणपणे ३०० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील बुडीला असे विशेष नियम लावले जातात.

गुणोत्तराचा आकडा मात्र पुढे बदलत गेला. दोनास एक हे प्रमाण दीर्घ व खोल बुड्यांसाठी पुरेसे सुरक्षित नाही, असे अनुभवातून दिसले. अमेरिकी नौदलातील रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये प्रत्येक ऊतकगटासाठी व खोलीसाठी वेगळी मर्यादा मांडली. झुरिच येथील आल्बर्ट ब्युलमान यांनी स्वित्झर्लंडमधील सरोवरांच्या गरजेतून उंचीवरील बुडीसाठी तक्ते विकसित केले. पाणबुड्याच्या मनगटावरील आजच्या अनेक संगणकांत ब्युलमान यांची गणनपद्धती वापरली जाते आणि तिचा पाया हाल्डेन यांच्या ऊतकगटांचाच आहे.

महायुद्ध व उत्तरायुष्य

एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने विषारी वायू सोडल्यावर हाल्डेन तातडीने फ्रान्सला गेले आणि तो वायू क्लोरीन असल्याची खात्री त्यांनी करून घेतली. संरक्षक मुखवट्यांच्या कामात त्यांनी भाग घेतला. वायुबाधित सैनिकांना ऑक्सिजन देण्यासाठी त्यांनी साधन तयार केले व ऑक्सिजनच्या शास्त्रशुद्ध उपचाराचा पुरस्कार केला.

१९१२ पासून ते डॉनकास्टर येथील खाण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. ही प्रयोगशाळा १९२१ मध्ये बर्मिंगहॅमला हलवण्यात आली. श्वसनावरील त्यांचा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान व तत्त्वज्ञान यांच्या संबंधांवरही त्यांनी लेखन केले. १९१६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रॉयल पदक आणि १९३४ मध्ये कॉप्ली पदक मिळाले. १९२८ मध्ये त्यांना कंपॅनियन ऑफ ऑनर हा सन्मान देण्यात आला.

अखेरच्या काळात ते इराण व इराकमधील तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करण्यासाठी गेले होते. तेथून परतल्यानंतर न्यूमोनियाने त्यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले. त्या वेळी ते ७५ वर्षांचे होते.