दानाचे छप्पर

मार्गशीर्षात बेळगाव-निपाणीच्या हमरस्त्यावर दोन ओघ एकमेकांना भेटतात. चोर्ला घाट चढून आलेले आमचे किनारपट्टीचे भाविक कोल्हापूर-पंढरपुराकडे निघालेले असतात, आणि कोल्हापूरकडचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माकडे. बसस्थानकाच्या पायरीवर हात पसरलेला दिसतो, नाणे पडते, देणाऱ्याचे मन हलके होते. रात्री मात्र ते नाणे घेणारा त्याच पायरीवर थंडीत कुडकुडत पडलेला असतो. २० डिसेंबर हा गाडगे महाराजांचा स्मृतिदिन. या पायरीपाशी उभे राहूनच त्यांचे चरित्र आठवावे, असे आम्हांस वाटते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी, परीट कुटुंबात झाला. मद्याच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि पोराचे बालपण आजोळी दापुरे येथे गुरे राखण्यात व शेतीत सरले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच आधी रस्ते झाडावयाचे, मग भाकरी मागावयाची आणि रात्री कीर्तनात गावाच्या मनातील केर काढावयाचा, हा त्यांचा क्रम होता. फुकटची भाकरी त्यांना पचत नसे. आमच्या कोकणाशीही त्यांचा ऋणानुबंध होता. १९२३ साली एकुलत्या मुलाच्या निधनाची वार्ता आली तेव्हा ते खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते आणि ते कीर्तन त्यांनी थांबविले नाही, असे सांगतात.

या निष्कांचन माणसापुढे लोक पैसा ओतू लागले, आणि येथेच त्यांची खरी थोरवी दिसते. तो पैसा त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही, तसाच तो रस्त्यावर मूठमूठ उधळलाही नाही. पूर्णाकाठी ऋणमोचनास घाट उभा राहिला. ज्यांना १९४७ पर्यंत विठ्ठलमंदिराचे दार बंद होते, त्या वारकऱ्यांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उठल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी, आजाऱ्यासोबत आलेल्या परगावच्या गरिबास पाठ टेकण्यास जागा मिळाली. १९५२ साली या साऱ्या कार्यासाठी मिशन स्थापन झाले. आपल्या आप्तेष्टांचा या वास्तूंवर कसलाही हक्क राहू नये, हा त्यांचा दंडक होता. हजारोंना छप्पर देणारा हा माणूस स्वतः मात्र उघड्यावर निजे.

त्यांनी भिकाऱ्यास झिडकारले, असे मात्र कोणी समजू नये. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्यापांगळ्यांच्या पंगती तेच बसवीत, वस्त्रे तेच वाटीत. त्यांचा विवेक इतकाच, की भूक आजची आहे म्हणून अन्न हाती द्यावे. निवारा रोजचा आहे म्हणून पैसा भिंतीत घालावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली आणि त्यानंतर सातच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावपाशी बाबांनी देह ठेवला. तेव्हापासून या भूमीवर भाषेचा वाद चालू आहे. तो न्याय्य आहे, असे आम्ही मानतो. पण थंडीने काकडणाऱ्याचे दात मराठीत वाजत नाहीत, की कन्नडमध्ये वाजत नाहीत.

कर्नाटकात १९७५ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यान्वये मालमत्ता करावर ३ टक्के उपकर निराश्रितांसाठी घेतला जातो. म्हणजे बेळगावचा व निपाणीचा प्रत्येक घरमालक आधीच दाता आहे. दात्याने आपल्या दानाचा हिशेब मागावा, हे त्याचे कर्तव्यच होय. दर लाख लोकवस्तीमागे चोवीस तास उघडे राहील असे एक निवारागृह असावे, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० पासूनच्या आदेशांनी दिली. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या वर होती. त्या मापाने किमान चार निवारे हवेत. ते आहेत काय, असल्यास तेथे अंथरूण, औषध व स्त्रियांना सुरक्षित जागा आहे काय, हे देवळांच्या विश्वस्तांनी, गणेशोत्सव मंडळांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहावे. उणे असेल तेथे दानपेटीतला वाटा द्यावा आणि जमाखर्च फळ्यावर लिहावा.

संस्थेत पैसा मुरतो, गरिबापर्यंत पोहोचत नाही, अशी शंका कोणी घेईल. ती निराधार नाही. पण तिचे उत्तर नाणे भिरकावून पुढे जाण्यात नाही. ते बाबांच्या निर्मोही, चोख व्यवहारात आहे. पुढच्या वेळी त्या पायरीवर खिशात हात जाईल तेव्हा भुकेल्यास भाकरी जरूर द्यावी. आणि आज रात्री हा कोठे निजणार, एवढेही त्याला विचारावे. बाबांचे सारे आयुष्य त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले.