हिंदुकुशातील पाखरे आणि सलीम अली

भिवंडी, प्रतिनिधी

बाभळीला लोंबकळणारे सुगरणीचे घरटे पाहून यंत्रमागांच्या या शहरातील माणसाला विणकामाचे नवल वाटायला नको. पण ते वाटतेच. या विणकर पक्ष्याचा संसार ज्यांनी उलगडून दाखविला ते डॉ. सलीम अली भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्यातील अफगाणिस्तानचे प्रकरण मात्र फारसे कोणी आठवत नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडीत त्यांचा जन्म झाला. घराणे सुलेमानी बोहरा. आई-वडिलांचे छत्र तिसऱ्या वर्षापर्यंतच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले आणि आयुष्याची दिशा ठरली.

पुढची वाट सरळ नव्हती. ब्रह्मदेशातील कौटुंबिक व्यवसाय फसला. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पण बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परतल्यावर पैशाअभावी ते पदच रद्द झाल्याचे कळले. बेकार सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीमला राहावयास गेले आणि तिथे त्यांनी सुगरणीचा अभ्यास आरंभिला. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी ते पाहावयास येते. तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो. त्यानंतर संस्थानिकांच्या खर्चाने हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांची पक्षिगणना सुरू झाली.

१९३७ मध्ये ब्रिटिश लष्करातील कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या अफगाण मोहिमेत ते सहभागी झाले. समुद्राचा स्पर्श नसलेला हा रुक्ष, पहाडी देश. परंतु त्याच्या उंच, खडकाळ माळांवर पक्ष्यांची दुनिया निराळी आहे. या मोहिमेच्या वर्षीच हिंदुकुशातील एका हिमचिमणीचे नव्याने वर्णन प्रसिद्ध झाले. उंदरांसारख्या प्राण्यांच्या बिळांत घरटे करणारा हा पक्षी अफगाणिस्तानाबाहेर कोठेही वीण करीत नाही. कर्नलने तिला आपल्या निकटच्या सहकारी थेरेसा क्ले यांचे नाव दिले.

छावणीत मात्र सारे आलबेल नव्हते. सलीम अलींना ना पक्षी सोलता येतो, ना स्वयंपाक, ना लाकडे फोडता येतात; ते सतत काहीतरी टिपणे लिहीत बसतात, असा संताप कर्नल रोजनिशीत ओतत होते. सुशिक्षित भारतीय राज्य चालवण्यास कसे नालायक आहेत, याचे प्रमाणही त्यांना या सोबत्यात दिसत होते! पुढे हा मजकूर हाती आल्यावर सलीम अलींनी तो दडपला नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तो स्वतःच छापला. या माणसाचा दिलदारपणा यातून जसा दिसतो, तसा तो कोणत्याही पदकातून दिसत नाही.

मोहिमेनंतर दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. राने तुडवताना छावणीचा भार वाहणारी सोबतीण गेली. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पहिले सचित्र पुस्तक आले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाले. भरतपूरच्या पाणथळीसाठीही ते झटले. तेथे हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच वाटेत अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवरावर उतरत. २००२ नंतर मात्र ते भरतपूरला दिसलेले नाहीत.

१९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे सन्मान लाभलेले सलीम अली १९८७ मध्ये मुंबईत निवर्तले.

त्यामुळे कर्नलचे पुढे काय झाले, हे त्यांना कळलेच नाही. माइनर्ट्झहागेन १९६७ मध्ये मरण पावले होते. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी त्यांच्या संग्रहाची तपासणी केली, तेव्हा संग्रहालयांतून चोरलेल्या कित्येक नमुन्यांवर त्यांनी खोट्या स्थळांच्या व तारखांच्या चिठ्ठ्या डकविल्याचे उघड झाले. १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याचा दावा केलेला रानपिंगळाही चोरीचाच निघाला. ती नोंद बाद धरून पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. त्यापूर्वीची विश्वासार्ह नोंद ११३ वर्षांपूर्वीची, १८८४ मधील होती.